मतदार नोंदणीची अखेरची तारीख : तिरुवैयारुत एक दिवस, मुंबईत अडतीस

तिरुवैयारु (तमिळनाडू) : निवडणूक आयोगाने १६ मार्च २०२४ रोजी, शनिवारी दुपारी, लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर केला. तमिळनाडूतील सर्व जागांसाठी १९ एप्रिल ही मतदानाची तारीख ठरली आणि २७ मार्च ही उमेदवारी अर्ज दाखल करण्याची अखेरची तारीख. या अखेरच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेले नोंदणी अर्जच त्या निवडणुकीसाठी विचारात घ्यावयाचे, अशी आयोगाची कार्यपद्धती आहे. त्या हिशेबाने कावेरीकाठच्या तिरुवैयारु गावातील ज्या नागरिकाचे नाव यादीत नव्हते, त्याला निवडणूक जाहीर झाल्यानंतर हाती उरला तो १७ मार्चचा रविवार. मतदानाला मात्र त्यानंतर ३३ दिवस बाकी होते.

तंजावर लोकसभा मतदारसंघात मोडणाऱ्या तिरुवैयारु विधानसभा क्षेत्रापुरती ही स्थिती नव्हती. पहिल्याच टप्प्यात मतदान असलेल्या नागपूर, रामटेक, चंद्रपूर, भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर येथील मतदारांनाही तेच वेळापत्रक लागू होते. पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी मतदान असलेल्या मुंबईकरांना मात्र नोंदणीसाठी २३ एप्रिलपर्यंत, म्हणजे घोषणेनंतर ३८ दिवस मिळाले. कायदा एक, निवडणूक एक आणि आयोगही एकच. तरीही नावनोंदणीसाठी मिळालेल्या अवधीत एवढी तफावत पडली. मुदत असावी की नसावी याबद्दल फारसा वाद नाही. ती नागरिकाला केव्हा कळते आणि चुकल्यास त्याच्या हाती कोणता उपाय उरतो, हा वादाचा खरा मुद्दा आहे.

कायद्यातील तरतूद

मतदार यादीसंबंधी मूळ कायदा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० हा आहे. त्याच्या कलम २३ च्या पोटकलम (३) नुसार, एखाद्या मतदारसंघातील उमेदवारी अर्ज दाखल करण्याचा अखेरचा दिवस उलटल्यावर निवडणूक पूर्ण होईपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत नाव समाविष्ट करण्याचा आदेश देता येत नाही. नोंदीत दुरुस्ती करणे, ती दुसरीकडे हलविणे किंवा वगळणे यांवरही त्याच काळात बंदी असते. यादी त्या क्षणी ‘गोठते’ असे प्रशासकीय भाषेत म्हटले जाते.

दहा दिवसांची आधीची मर्यादा या तरतुदीतूनच निघते. नवीन नोंदणीसाठी नमुना क्रमांक ६ मध्ये अर्ज आला की तो जाहीर करून त्यावर हरकती घेण्यासाठी सात दिवस द्यावे लागतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची पडताळणी आणि मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय यांसाठी आणखी काही दिवस लागतात. यादी गोठण्यापूर्वी हे सर्व पूर्ण व्हावे म्हणून अर्ज दहा दिवस आधी यावा, असा हा हिशेब आहे.

मतदानापर्यंतच्या पुढील अवधीचा खुलासा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये सापडतो. अधिसूचना निघाल्यानंतर सातव्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत संपते. दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि छाननीनंतर दुसरा दिवस माघारीचा असतो. माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान घेता येते. त्यामुळे यादी गोठणे आणि मतदान यांत किमान सतरा दिवसांचे अंतर राहतेच. नोंदणी अर्जाचे दहा दिवस त्यात मिळविले तर सत्तावीस होतात. सुट्या, सण आणि सुरक्षा दलांच्या हालचाली यांमुळे प्रत्यक्षात हे अंतर महिन्याच्या पुढे जाते.

याच अधिनियमाच्या कलम ६२ मध्ये या साऱ्याचा शेवटचा परिणाम नमूद आहे. मतदारसंघाच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याला तेथे मतदान करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व दिले असले, तरी केंद्रावर तो अधिकार बजावण्याचा मार्ग यादीतूनच जातो.

न्यायालयांची भूमिका

यादी गोठविण्याची तरतूद बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बिहार विधान परिषदेच्या एका निवडणुकीसंबंधीच्या बैद्यनाथ पंजियार विरुद्ध सीताराम महतो या खटल्यात स्पष्ट केले होते. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या बीदर जिल्ह्यातील स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचे प्रकरण १९७७ मध्ये नरेंद्र माडिवाळप्पा खेणी विरुद्ध माणिकराव पाटील या नावाने न्यायालयापुढे आले. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनची वेळ टळल्यानंतर यादीत घेतलेल्या नावांचा प्रश्न त्यात होता. उमेदवारी अर्जांसाठी दुपारी तीनची वेळ असेल तर नावे घेण्याची मर्यादाही तीच, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. सत्तेतील कोणालाही आयत्या वेळी अनुकूल मतदार यादीत घुसविता येऊ नयेत, हे या कठोरपणामागील कारण आहे. मतदारांची संख्या थोडी असलेल्या निवडणुकीत मोजकी नावेही निकाल फिरवू शकतात.

निवडणूक सुरू झाल्यावर न्यायालयाने मध्ये पडू नये, हे सूत्रही तमिळनाडूतील एका प्रकरणातूनच रूढ झाले. तेव्हाच्या मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघात उमेदवारी अर्ज फेटाळला गेलेल्या एन. पी. पोन्नुस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये निकाल दिला. निवडणुकीसंबंधीच्या तक्रारी निवडणूक संपल्यावर निवडणूक याचिकेद्वारेच मांडाव्यात, असा अनुच्छेद ३२९ चा अर्थ त्यात लावण्यात आला. पश्चिम बंगालमधील मतदार याद्यांसंबंधी १९८५ मध्ये दिलेल्या निकालातही, यादीविषयीचे दावे प्रलंबित असले म्हणून निवडणूक थांबविता येत नाही, असेच न्यायालयाने म्हटले.

मात्र १९९५ मधील लालबाबू हुसैन प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, त्याची नोंदणी योग्य रीतीने झाली असे गृहीत धरावे आणि ते वगळण्यापूर्वी त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, असे तत्त्व त्यातून पुढे आले. नव्याने अर्ज करणारा आणि नाव वगळले गेलेला, हे दोघे मतदानाच्या दिवशी केंद्रावर सारख्याच अडचणीत दिसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांची बाजू सारखी नाही.

नाव नसल्याचे कळते केव्हा?

पुण्यात १७ एप्रिल २०१४ रोजी आणि मुंबईत २४ एप्रिल २०१४ रोजी झालेल्या लोकसभा मतदानात याचा प्रत्यय आला. पूर्वीच्या निवडणुकांत मतदान केलेले आणि मतदार ओळखपत्र बाळगणारे असंख्य नागरिक केंद्रावर गेले तेव्हा यादीत त्यांची नावे नव्हती. पुण्यात निदर्शने झाली. तत्कालीन निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी या प्रकाराबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ओळखपत्र म्हणजे मतदानाचा परवाना नव्हे, यादीतील नोंद हीच निर्णायक, हा नियम त्या दिवशी अनेकांना प्रथमच कळला. त्या वेळी यादी गोठून कित्येक दिवस झाले होते.

नाव वगळल्याविरुद्ध दाद मागण्याची व्यवस्था कायद्यात आहे. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते. परंतु नाव वगळल्याचे मतदानाच्याच दिवशी कळले, तर या अपिलाचा लाभ झाला तरी तो पुढच्या निवडणुकीत होतो.

तमिळनाडूत २०२५ च्या अखेरीस झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणामुळे हा मुद्दा अधिक तीव्र झाला. ४ नोव्हेंबर २०२५ पासून घरोघरी गणना अर्ज वाटण्यात आले. १९ डिसेंबरला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत सुमारे ९७ लाख नावे नव्हती. पुनरीक्षणापूर्वी राज्यात सुमारे ६ कोटी ४१ लाख मतदार होते. वगळलेल्यांत सर्वांत मोठा वाटा स्थलांतरित वा पत्त्यावर न आढळलेल्यांचा होता. त्यानंतर मृत आणि दुबार नोंदींचा क्रम लागत होता. मृतांची आणि दुबार नावे यादीत राहू नयेत याबद्दल दुमत नाही. मोहिमेच्या काळाबद्दल मात्र सत्ताधारी द्रमुकसह अनेक पक्षांनी सर्वोच्च न्यायालयात आक्षेप घेतला. नोव्हेंबर-डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तेव्हा सांबा भाताचा हंगाम सुरू असतो. तिरुवैयारुच्या परिसरातील शेतमजूर दिवसा शेतात असतात आणि तरुणांचा मोठा वर्ग चेन्नई, तिरुप्पूर किंवा आखाती देशांत कामाला असतो. घराला कुलूप दिसले म्हणून मतदार कायमचा गेला असे मानता येत नाही, असा या आक्षेपाचा मथितार्थ होता.

प्रारूप यादीनंतर दावे आणि हरकतींसाठी अवधी देण्यात आला. ज्याचे नाव वगळले गेले, त्याला ते वेळेत कळणे हा या अवधीचा गाभा आहे. बिहारमधील पुनरीक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी महत्त्वाचा ठरतो. नाव का गेले हे मुदतीपूर्वी कळले, तरच त्या मुदतीला अर्थ राहतो.

अठरा वर्षे आणि अर्हता दिनांक

मुदतीचा दुसरा फटका प्रथमच मतदान करणाऱ्यांना बसत आला. २०२२ पर्यंत वर्षातून १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता. त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण नसतील, तर पुढील वर्षाच्या यादीपर्यंत थांबावे लागे.

याचे बोलके उदाहरण तिरुवैयारुच्या शेजारीच घडले. २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत मतदारांना पैसे वाटल्याच्या तक्रारींमुळे तंजावर आणि अरवकुरिची या दोन मतदारसंघांतील १६ मे रोजीचे मतदान आधी पुढे ढकलण्यात आले. नंतर तेथील निवडणुकीची अधिसूचनाच मागे घेण्यात आली आणि अखेर १९ नोव्हेंबर २०१६ रोजी मतदान झाले. नवीन अधिसूचनेमुळे नोंदणीचे दार पुन्हा उघडले, पण अर्हता दिनांक १ जानेवारी २०१६ हाच राहिला. २ जानेवारी १९९८ रोजी जन्मलेला तंजावरचा तरुण मतदानाच्या दिवशी अठरा वर्षे दहा महिन्यांचा असूनही मतदार होऊ शकत नव्हता.

निवडणूक कायदे (सुधारणा) अधिनियम, २०२१ मधील संबंधित तरतूद १ ऑगस्ट २०२२ पासून अमलात आली आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक ठरले. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करण्याचीही मुभा मिळाली. या सुधारणेने प्रतीक्षा एका वर्षावरून जास्तीत जास्त तीन महिन्यांवर आणली.

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मात्र हे अंतर पुन्हा वाढलेले दिसले. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र यादी तयार करीत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेऊन ती प्रभागनिहाय विभागतो. या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ रोजीची यादी ग्राह्य धरण्यात आली. मुंबईसह महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. म्हणजे यादीची तारीख आणि मतदान यांत १९८ दिवसांचे अंतर होते. १ जुलैनंतर नाव नोंदविलेल्या नागरिकाला विधानसभेच्या यादीत स्थान मिळाले, तरी आपल्या नगरसेवकासाठी मत देता आले नाही. याद्यांतील दुबार नावांच्या प्रश्नावर विरोधी पक्षांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत मोर्चा काढला होता. यादीच्या शुद्धतेची ती मागणी आणि नवमतदारांना सामावून घेण्याची मागणी यांचा मेळ घालणे हे मुदत ठरविणाऱ्यांपुढील काम आहे.

मतदानाच्या दिवशी काय शक्य, काय अशक्य

यादीत नाव असलेल्या मतदाराला अखेरच्या क्षणापर्यंत संरक्षण देणाऱ्या तरतुदी आपल्याकडे पुरेशा आहेत. मतदानाची वेळ संपताना जो रांगेत उभा आहे त्या प्रत्येकाला मतदान करू द्यावे लागते. त्यासाठी केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटापासून चिठ्ठ्या वाटतात. मतदार ओळखपत्र नसल्यास आयोगाने मान्य केलेले दुसरे छायाचित्र ओळखपत्र चालते. आपल्या नावावर आधीच कोणी मत दिले असेल, तर खऱ्या मतदाराला मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ नोंदविता येते. ओळखीबद्दल मतदान प्रतिनिधीने आक्षेप घेतला, तर दोन रुपये अनामत घेऊन केंद्राध्यक्ष तेथेच चौकशी करतात.

या ‘आक्षेपित मता’बद्दल प्रत्येक निवडणुकीच्या आधी समाजमाध्यमांवर एक संदेश फिरतो. नाव यादीत नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागता येते, असे त्यात म्हटलेले असते. हे खरे नाही. आक्षेपाची तरतूद यादीत असलेल्या नावाच्या ओळखीपुरतीच आहे. यादीत नाव नसलेल्याला कोणत्याही कागदपत्राच्या आधारे त्या दिवशी मत देता येत नाही.

नावाच्या लिखाणातील फरक हा तंजावर परिसरातील मराठी भाषक कुटुंबांना जवळचा विषय आहे. १८५५ पर्यंत येथे भोसले घराण्याची राजवट होती आणि त्या काळात आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही या भागात आहेत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांसाठी एकच अक्षर असल्याने मराठी नाव तमिळ यादीत, इंग्रजी ओळखपत्रावर आणि शाळेच्या दाखल्यात वेगवेगळ्या रूपांत उतरू शकते. आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याच्या तमिळ रीतीने त्यात भर पडते. ओळख पटत असेल तर किरकोळ लेखनदोषांकडे दुर्लक्ष करावे, असे आयोगाचे निर्देश आहेत. मात्र यादीत नाव शोधताना ते सापडलेच नाही, तर हे निर्देश उपयोगी पडत नाहीत. दुरुस्तीसाठीच्या नमुना क्रमांक ८ च्या अर्जालाही यादी गोठण्याची मर्यादा लागू असते.

गावापासून दूर असलेल्यांसाठी पर्याय मर्यादित आहेत. ८५ वर्षांवरील नागरिक आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले मतदार यांना घरून मतदान करता येते. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड भरावा लागतो. परदेशस्थ भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीने मूळ गावच्या यादीत नाव नोंदविण्याचा हक्क मिळाला, पण मत देण्यासाठी स्वतः यावे लागते. त्यांना प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारे विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये संमत झाले, मात्र ते राज्यसभेत संमत न होता २०१९ मध्ये व्यपगत झाले. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवला. अनेक पक्षांच्या विरोधामुळे तो पुढे सरकला नाही.

अन्य देशांतील अनुभव

ब्रिटनमध्ये मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधीपर्यंत नोंदणी करता येते. मतदानाचा दिवस माहीत असला की कोणालाही ही तारीख मोजता येते, हे तिचे वैशिष्ट्य. कॅनडात ओळख आणि पत्ता सिद्ध करून मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव नोंदविता येते. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. मात्र २००२ च्या संघीय कायद्याने, यादीत नाव न सापडलेल्या मतदाराला तात्पुरती मतपत्रिका देण्याची पद्धत आणली. ती वेगळी ठेवली जाते आणि पडताळणीत मतदार पात्र ठरला तरच मोजली जाते. भारतात अशी सोय नाही.

ऑस्ट्रेलियातील प्रकरण न्याय्यतेच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे आहे. तेथे निवडणुकीचा आदेश निघाल्यानंतर सात दिवस नोंदणी चालू असे. २००६ च्या दुरुस्तीने नवीन मतदारांसाठी ती त्याच दिवशी रात्री आठला बंद करण्यात आली. ६ ऑगस्ट २०१० रोजी तेथील उच्च न्यायालयाने रोव्ह प्रकरणात ही दुरुस्ती चार विरुद्ध तीन मतांनी रद्द ठरविली. मतदानाला दोन आठवडे उरले असतानाही सुमारे एक लाख नागरिकांना त्या निकालाचा लाभ मिळाला. गैरप्रकार रोखण्याचे उद्दिष्ट वैध असले, तरी पात्र नागरिकांना वगळण्याइतके कठोर पाऊल त्यासाठी उचलण्याचे पुरेसे कारण हवे, असा या निकालाचा आशय होता.

पुढील मार्ग

मुदतीच्या बाजूने प्रशासनाचे म्हणणे सरळ आहे. उमेदवाराला आपला मतदार कोण हे ठाऊक असले पाहिजे. केंद्रनिहाय याद्या छापून त्यांच्या प्रती पक्षांना द्याव्या लागतात. आयत्या वेळच्या नोंदणीत हरकत घेण्याची संधी उरत नाही. एका विधानसभा क्षेत्रात लाखो नावांची पडताळणी करणारी यंत्रणा मोजकीच असते. शिवाय नोंदणी वर्षभर खुली असते, तेव्हा घोषणेची वाट पाहण्याचे कारण नाही, असेही सांगितले जाते.

हा शेवटचा युक्तिवाद नवीन अर्जदाराला बऱ्याच अंशी लागू पडतो. तरीही घोषणा आणि अखेरची तारीख यांतील अवधी निवडणुकीगणिक बदलतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा २६ फेब्रुवारीला झाली होती आणि उमेदवारी अर्जांची मुदत १९ मार्चला संपणार होती. त्यामुळे तिरुवैयारुत नोंदणीसाठी अकरा दिवस मिळाले. तीन वर्षांनी त्याच गावात एक दिवस मिळाला. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत १५ ऑक्टोबरला घोषणा आणि १९ ऑक्टोबरला नोंदणीची अखेर, असे चार दिवस होते. घोषणेनंतर ठरावीक किमान अवधी मिळेल एवढे वेळापत्रक आखण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. घोषणा आणि अधिसूचना यांतील अंतर आयोगच ठरवितो.

ज्याचे नाव त्याला न कळविता वगळले गेले, त्याला मात्र वर्षभर खुल्या असलेल्या नोंदणीचा उपयोग नसतो. अर्ज करावा लागेल हेच त्याला ठाऊक नसते. यादी गोठण्यापूर्वी वगळलेल्या नावांची केंद्रनिहाय व कारणांसह प्रसिद्धी आणि प्रत्येकाला वैयक्तिक सूचना, हे त्यावरील उपाय सध्याच्या चौकटीत बसतात. चुकीने वगळलेल्यांसाठी तात्पुरत्या मतपत्रिकेसारखी सोय करावयाची झाल्यास मात्र संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागेल.

तोपर्यंत मतदाराच्या हाती एकच खबरदारी राहते. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आयोगाच्या संकेतस्थळावर, १९५० या मदत क्रमांकावर किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे आपली नोंद तपासून घेणे. मतदान पूर्वी केलेले असले आणि ओळखपत्र घरात असले, तरीही ही तपासणी आवश्यक आहे.